निराधारचे पैसे, रक्ताची तपासणी आणि नागपूरचं अधिवेशन

निराधारचे पैसे खात्यात पडले की आमच्याकडे बँक मित्राच्या दुकानापुढे म्हाताऱ्यांची रांग लागते. उभा जन्म निंदण्यात आणि कापूस वेचण्यात गेलेला, बोटाच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे मशीन अंगठा लवकर घेत नाही. लुगड्याच्या पदराला बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं. पैसे हातात आले की काही औषधाला जातात, काही किराण्याच्या उधारीत. हल्ली त्यात आणखी एक वाटेकरी आला आहे. बाजाराच्या दिवशी मंडप टाकून 'फुल बॉडी चेकअप'वाले बसतात. सात-आठशे रुपयांत साठ-सत्तर तपासण्या. म्हणजे महिन्याचे अर्धे पैसे तिथेच गेले. आणि त्यातल्या कामाच्या बहुतेक तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट व्हायला हव्यात, असं सरकारच सांगतं.

अनुदान द्यायचं ठरवलं सरकारने, तपासणी फुकट करायचं ठरवलं तेही सरकारने. तरी म्हातारं माणूस एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देऊन टाकतं. यावर लक्ष कोणी ठेवायचं? कागदावर उत्तर सोपं आहे: विधिमंडळाने. ते लक्ष कसं ठेवलं जातं आणि कुठे निसटतं, तेवढंच इथे सांगतो.

आधी पैशांचं. आपण सरसकट 'निराधार' म्हणतो, पण त्यात दोन-तीन योजना मिसळल्या आहेत. संजय गांधी निराधार योजना ६५ वर्षांखालच्या विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी. ६५ पूर्ण झालेल्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे त्यांच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा हिस्सा असतो. केंद्र ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये देतं, ८० नंतर ५००. उरलेली भर राज्याची. जुलै २०२३ मध्ये राज्याने ही रक्कम १००० वरून १५०० केली, पण त्यातले केंद्राचे २०० रुपये सतरा-अठरा वर्षांपूर्वी होते तेवढेच राहिले. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने हे पैसे वाढवा असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिहून दिलं. सगळ्या पक्षांचे खासदार असलेली ही समिती आहे, पण तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. 'विचाराधीन आहे' एवढं उत्तर आलं की काम भागतं.

उत्पन्नाची अट तर याहून अजब. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातलं एकच माणूस ६८ दिवस रोजगार हमीवर गेलं की सरकारच्याच हिशेबाने घर अटीच्या बाहेर. म्हणून तहसीलचा दाखला मिळवताना सगळेच डोळे मिटून घेतात, तलाठीही आणि अर्जदारही. आणि ज्याच्यावर कोणाचा राग असेल त्याचाच दाखला तेवढा अडतो. अट वाढवणं हा शासन निर्णयाचा विषय आहे, पण ती का वाढत नाही हे विचारायची जागा सभागृहच.

आता सभागृहात काय होतं ते बघू. मार्चमध्ये वित्तमंत्री अर्थसंकल्प मांडतात. टीव्हीवर दिसतं ते भाषण. खरं काम त्यानंतरचं. प्रत्येक खातं आपापल्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे ठेवतं. त्यावर चर्चा आणि मतदान होतं. मग विनियोजन विधेयक मंजूर होतं. घटनेच्या कलम २०४ प्रमाणे असा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही. वर्षभरात कमी पडलं तर पुरवणी मागण्या येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी त्यांचाच गठ्ठा असतो. चर्चेला ठरवलेले दिवस संपले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात. सामाजिक न्याय खात्याच्या मागणीवर तुमचा आमदार बोलला की नाही, हे त्या दोन-चार दिवसांत ठरून जातं.

एवढं होऊनही मंजूर झालेला पैसा आणि पोचलेला पैसा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कालव्याला पाणी सोडल्याची बातमी पेपरात येते आणि टेलच्या वावरात पऱ्हाटी सुकत असते, तसंच. अर्थसंकल्पातली तरतूद वित्त खात्याच्या संगणकावर टप्प्याटप्प्याने मोकळी होते. तिथून सामाजिक न्याय खातं, मग लाभार्थ्याचं खातं. पूर्वी मधे जिल्हाधिकारी, तहसील, बँक अशी लांब साखळी होती. आता थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी आलं. त्याने मधले हात कमी झाले, पण नवं खोळंबणंही आलं. खात्याला आधार जोडलेलं नाही, आधारवरचं नाव 'शेवंताबाई' आणि अर्जावर 'शेवंता', हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही, किंवा आधार भलत्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेलं निघालं. पैसे त्या जुन्या खात्यात पडत राहतात आणि आजी इकडे रोज विचारते, "काऊन बाप्पा, सगळ्याइचे आले, माह्येच नाही आले?" 

मंत्रालयातल्या तक्त्यात मात्र या आजीचे पैसे 'वितरित' दिसतात. आमदाराने विचारलं तर उत्तर येणार, निधी शंभर टक्के वितरित. ते खोटं नसतं, आणि तिथेच खरी पंचाईत आहे.

विधानसभेचा प्रश्न कसा असतो हे एकदा बघून ठेवण्यासारखं आहे. छापील यादीत ठरावीक साचा असतो: '(१) अमुक तालुक्यातील वृद्ध लाभार्थ्यांना गेल्या काही महिन्यांपासून अनुदान मिळत नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?' आणि पुढे उत्तर: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' झालं. चार ओळींत सगळ्या म्हाताऱ्यांचा निकाल. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर द्यायला खात्याला काही कष्ट पडत नाहीत. पण त्याच जागी 'अमुक महिन्याचे अनुदान तालुक्यातील किती लाभार्थ्यांच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा झाले, आधार न जुळल्यामुळे किती जणांचे परत आले, आणि परत आलेल्यांना कळवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची आहे' असं विचारलं, तर 'हे खरे नाही' लिहून सुटका होत नाही. आकडा द्यावा लागतो. तो चुकीचा निघाला तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा विषय होतो, आणि अधिकाऱ्यांना त्याची धास्ती असते.

प्रश्नाशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. गाजावाजा त्यांचाच होतो. पण खऱ्या देखरेखीचं काम शांतपणे चालतं ते समित्यांमध्ये. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, सरकारी खर्चाची तपासणी करतात. त्यांचा अहवाल कलम १५१ नुसार राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि मग लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारते, हे असं का झालं. जिल्हा परिषदेच्या कारभारासाठी विधिमंडळाची पंचायत राज समिती वेगळी आहे. ती जिल्ह्यात दौऱ्यावर येते तेव्हा आरोग्य केंद्राच्या भिंतींना अचानक चुना लागतो, हे गावातल्या कोणालाही विचारा.

कॅगच्या तपासणीत काय सापडतं याचा एक नमुना देतो. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम, ज्यातून वृद्धांचे ते २०० रुपये येतात, त्यावरचा अहवाल २०२३ साली संसदेत मांडला गेला. त्यात निघालं की केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने याच कार्यक्रमाच्या पैशांतले २.८३ कोटी रुपये दुसऱ्याच योजनांच्या जाहिरातीकडे वळवले होते. म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या पैशातून होर्डिंग! पण वळवले २०१७-१८ मध्ये आणि अहवाल आला २०२३ मध्ये. लेखापरीक्षणाचं हेच आहे. ते पक्कं असतं, पण माणूस गेल्यावर येतं.

आता तपासण्यांकडे. मोफत निदान सेवा हा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग २०१५ पासून आहे. केंद्राच्या सुधारित यादीप्रमाणे उपकेंद्रात १४ प्रकारच्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ तपासण्या व्हायला हव्यात. महाराष्ट्रात बऱ्याच तपासण्यांसाठी नमुने बाहेर पाठवले जातात. एचएलएल लाईफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीने चालवलेली ही व्यवस्था 'महालॅब' म्हणून माहीत आहे. आरोग्य केंद्रात रक्त घेतात, जांभळ्या बुचाच्या नळीत हिमोग्लोबिन-पेशींसाठी, करड्या बुचाच्या नळीत शुगरसाठी. पेटीत घालून गाडी घेऊन जाते आणि रिपोर्ट नंतर येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्यांचं शुल्कही बंद झालं.

मग लोक मंडपात का जातात? कारणं साधी आहेत. एलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनची जागा रिकामी, किट संपली, गाडी सकाळीच निघून गेली, रिपोर्टसाठी पुन्हा चक्कर, आणि एसटीला सवलत असली तरी दिवसाची मजुरी बुडतेच. कॅगने राज्याच्या आरोग्य यंत्रणेवर दिलेला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात मांडला गेला. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या रिकाम्या जागा त्यात मांडल्या आहेत. गावाला ते वाचायची गरज नव्हती. पण लोकलेखा समितीपुढे गावचं म्हणणं चालत नाही, कॅगचं चालतं.

आणखी एक कारण आहे. आरोग्य केंद्रात डॉक्टर लिहील तीच तपासणी होते. मंडपात आपण मागू ती होते, किंबहुना न मागितलेलीही होते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून तपासणी करून घेण्याला आपल्याकडे सहसा कोणी अडवत नाही. गर्भलिंग तपासणी तेवढी १९९४ च्या कायद्याने बंद आहे. ती पैसे मोजूनही मागता येत नाही. बाकी रक्त आपलं, पैसा आपला.

मागण्यात गैर काहीच नाही. उलट काही तपासण्या मागूनच घ्याव्यात. तीस वर्षांवरच्या कोणालाही उपकेंद्रात रक्तदाब आणि शुगर तपासून मागता येते, त्यासाठी आजारी असायची अट नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, कारण किडनी आवाज न करता बिघडते. आणि पूर्व विदर्भात, मेळघाटात, नातवंडांच्या लग्नाआधी सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी. ही तपासणी सरकारीत फुकट आहे. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी, पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री. कुंडली बघायला लोक नागपूरपर्यंत जातात आणि ही तपासणी शेजारच्या उपकेंद्रात असून करत नाहीत, याला काय म्हणावं.

पण साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज हा वेगळा मामला आहे, आणि त्यातलं गणित कोणी समजावून सांगत नाही. रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यापुढे 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते. बहुतेक तपासण्यांत ही मर्यादा कशी ठरते? निरोगी माणसांचा मोठा गट तपासायचा आणि त्यातल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांत बसतात ती मर्यादा धरायची. म्हणजे उरलेले ५ टक्के लोक ठणठणीत असूनही बाहेर पडणारच. एक तपासणी केली तर धडधाकट माणसाचा आकडा उगाच बाहेर जाण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. साठ केल्या तर ९५ टक्के. प्रत्यक्षात काही तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून आकडा थोडा कमी भरेल, पण मुद्दा तोच. साठ तपासण्यांच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत एकही 'एच' (मर्यादेपेक्षा जास्त) किंवा 'एल' (कमी) नसेल तर ते नवल. आणि तो 'एच' बघून आबाजींची झोप उडते, मुलगा पुण्याहून फोन करतो, मग सोनोग्राफी, मग मोठ्या दवाखान्यात दाखवा. १५०० रुपयांचा हिशेब कुठल्या कुठे गेला.

पावसाळ्यात ताप आला की लोक स्वतःहून विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी मागतात. आपल्यासारख्या भागात टायफॉईडचे जंतू पूर्वी कधी अंगातून जाऊन गेलेले असतात, म्हणून एकाच वेळी केलेली विडाल पॉझिटिव्ह आली तरी आत्ताचा ताप टायफॉईडचाच असं ठरत नाही. तरी त्या एका कागदावर सलाईन लागतात. म्हाताऱ्या पुरुषांच्या पॅकेजमध्ये पीएसए असते, प्रोस्टेटसाठी. सत्तरीपुढे लक्षणं नसताना ही चाळणी म्हणून करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारनियुक्त गटाने २०१८ मध्ये सांगितलं, कारण त्यातून फायद्यापेक्षा नको त्या बायोप्सी आणि ऑपरेशनं जास्त निघतात. लघवीला त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरच लिहून देतो.

'पण आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे,' असं कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. बाजारात मंडपात दिलेलं रक्त त्यात बसत नाही. हे कार्ड दाखवून तपासणीत सूट देतो म्हणणारा कोणी भेटला तर कार्ड खिशात ठेवा.

मग या लॅबवाल्यांवर कोणाची देखरेख? इथे पुन्हा विधिमंडळच आडवं येतं. आरोग्य हा राज्याचा विषय. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला, त्यात प्रयोगशाळाही येतात. पण राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून तो स्वीकारल्याशिवाय तो राज्यात लागू होत नाही. महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं सक्तीचं झालं, पण तो मुळात खाटा असलेल्या दवाखान्यांसाठी. नुसतं रक्त तपासणारं दुकान त्यातून निसटतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. सही बघायची सवय लावून घ्या. संगणकातून छापलेली, कुठल्यातरी शहरातल्या डॉक्टरची, ज्याने तुमची नळी कधी पाहिलीच नाही अशी सही आमच्याकडे सर्रास दिसते.

कट प्रॅक्टिसचंही तसंच. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे गैरवर्तन आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला. त्याचं पुढे काय झालं हे विचारायला एका तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची जागा पुरेल.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट आहे. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भासाठी वेगळ्या विकास मंडळाची तरतूद आहे, आणि त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा असंही तिथेच लिहिलं आहे. मंडळ १९९४ मध्ये सुरू झालं आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. विभागाला पैसा बरोबरीने मिळतो का, हे दरवर्षी सभागृहात आणणारी एक ठरलेली वाट त्या दिवशी बंद पडली. मोर्चे आणि भाषणं होतात, पण वर्षाच्या वर्षाला येणारा कागद वेगळा असतो.

नागपूरच्या अधिवेशनात काही विचारून घ्यायचं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात, आणि डिसेंबरमध्ये आमदार नागपुरात असला तरी तेव्हा उशीर झालेला असतो. दिवाळीच्या आधी गाठायचं. जाताना नुसतं 'साहेब, म्हाताऱ्यांचे लय हाल आहेत' असं निवेदन नेऊ नका. दहा-बारा जणांची पासबुकं छापून घ्या, शेवटचे पैसे कोणत्या तारखेला पडले त्याची यादी करा. आरोग्य केंद्रात कोणती तपासणी यादीत आहे आणि कोणत्या महिन्यांत झाली नाही, हे माहितीच्या अधिकारात आधी काढून ठेवा. अर्जाचे दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, म्हणजे गणपतीच्या सुमाराला अर्ज टाकलेला बरा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळालं तर उत्तम, त्यात किट संपल्याची नोंद बहुधा असते. यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या मोर्चाला निवेदनाची पोच मिळते. प्रश्नाला मंत्र्याच्या नावाने छापील उत्तर मिळतं, आणि ते विधिमंडळाच्या कामकाजात कायमचं राहतं.